सोगडु धरलेली शेंग

अवरेकाईचा वास आला की अख्ख्या बेंगळुरूला भूक लागते आणि माझं डोकं दुखायला लागतं.

डिसेंबर अर्ध्यावर आला की बसवनगुडीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर शेंगांचे हिरवे ढीग पडतात. हातगाड्यांवर, गोणपाटांवर, अजून न उघडलेल्या दुकानांच्या पायऱ्यांवर. ऑफिसला निघालेली माणसं थांबतात, एक शेंग उचलून नाकाशी नेतात आणि मग भाव विचारतात. आधी वास, मग भाव, असा इथला रिवाज. थंडीत आणि दवात वाढलेल्या शेंगेच्या टरफलावर एक तेलकट, उग्र वास धरतो. त्याला इथे सोगडु म्हणतात. सोगडु नसेल तर ती शेंग फुकट दिली तरी जुना बेंगळुरूकर घेणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून नवीन आलेली मुलगी परवा लिफ्टमध्ये म्हणाली, "काकू, म्हणजे आपला पावटाच ना हा?" मी "हो गं" म्हणून मोकळी झाले. एक हिवाळा असा होता की या एका प्रश्नावर मी तिला लिफ्टमधून बाहेर पडू दिलं नसतं.

त्या हिवाळ्यात आम्ही शब्द ठरवत होतो. हे वाक्य मी तेव्हा ज्याला ज्याला सांगितलं त्याने "अच्छा" म्हणून विषय बदलला, म्हणून जरा नीट सांगते. मी एका संशोधन संस्थेत प्रयोगांची माहिती लावून ठेवायचं काम करते. झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण ती सगळी एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. पानात काही जागी असतात, फुलात दुसरी, शेंग भरताना तिसरीच. घरात दिवे सगळ्या खोल्यांत असतात, पण कुठल्या वेळी कुठल्या खोलीतला लागलाय त्यावरून आत काय चाललंय ते कळतं, तसंच हे. अवरेच्या झाडाची अशी माहिती देशातल्या बऱ्याच प्रयोगशाळांनी गोळा केली होती. ती एकत्र आणायची, म्हणजे उद्या कुणी कुठूनही विचारलं की कोवळ्या शेंगेत कुठली जनुकं जागी असतात, तर सगळ्यांच्या प्रयोगांतून मिळून उत्तर निघावं, एवढीच साधी इच्छा होती. साधी!

माहिती आली. एकाने नमुन्यावर लिहिलं होतं "शेंग". दुसऱ्याने "कोवळी शेंग". तिसऱ्याने "शेंग २". पण शेंग १ म्हणजे काय ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. एकाने नुसती तारीख टाकली होती. आणि एका महाभागाने लिहिलं होतं "वरच्या ट्रेमधली". बरं, दोघांनी "कोवळी शेंग" असंच लिहिलं तर हायसं वाटून घ्यावं, तर तेही नाही. एकाची कोवळी करंगळीएवढी आणि दुसऱ्याची दाण्यांनी टच्च भरलेली. माणसाला दाखवलं तर तो हसेल आणि अंदाजाने जुळवून घेईल. कॉम्प्युटरला हसता येत नाही. अक्षर वेगळं म्हणजे वस्तू वेगळी आणि अक्षर सारखं म्हणजे वस्तू सारखी, एवढीच त्याची अक्कल. म्हणून सगळ्यांसाठी एक सामाईक शब्दावली करायची ठरली. प्रत्येक अवयवाला आणि प्रत्येक अवस्थेला एकच संज्ञा, तिची व्याख्या, तिचा क्रमांक आणि ती कशाचा भाग आहे त्याची नोंद. हे करायला समिती नेमली. समिती म्हटल्यावर पुढचं सांगायला नको, तरी सांगते.

दर गुरुवारी दुपारी स्क्रीनवर चौकोन उघडायचे. अध्यक्ष पुण्याचे कुलकर्णी सर. माणूस विद्वान, सज्जन, कुणाला कधी टाकून न बोलणारा, आणि त्यामुळेच जास्त संताप आणणारा. पहिल्या बैठकीत मी लिहून दाखवलं, "शेंग हा झाडाचा भाग आहे." यात कोण काय वाद घालणार? सर शांतपणे म्हणाले, "तोडल्यावरही?" झालं! तोडलेली शेंग झाडाचा भाग उरते का, यावर अख्खी दुपार गेली. हैदराबादच्या एक बाई म्हणाल्या, उरत नाही. मग कुणीतरी म्हणालं की आपले नमुने तर सगळे तोडलेलेच आहेत, म्हणजे झाडाचा असा एकही नमुना आपल्याकडे नाही. त्यावर दोघे एकदम बोलायला लागले आणि तिसऱ्याचा माइक बंद होता. शेवटी काय ठरलं? तर हे पुढच्या गुरुवारी ठरवायचं. मी कॅमेरा बंद करून टेबलावर डोकं टेकलं.

घरी यावं तर तिथेही अवरेच. आमचं घराणं इथलं फार जुनं. कुठल्याशा फौजेबरोबर पूर्वज खाली उतरले आणि इथलेच झाले. घरात मराठी आहे, पण 'जरा'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' म्हटल्यावाचून वाक्य पुरं होत नाही. मोसमात आमच्याकडे हितकबेळे ठरलेलं. भिजवलेला एकेक दाणा दोन बोटांत धरून चिमटायचा. डाळ सुळकन पातेल्यात उडते आणि साल बोटांत राहतं. घरातली सगळी माणसं पातेल्याभोवती गोल करून बसतात, बोटांची टोकं सुरकुततात, आणि जगातल्या सगळ्या उखाळ्यापाखाळ्या तिथे निघतात. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, बँकेतून रिटायर झालेला, या कामात पटाईत. आल्यागेल्याला तो माझी ओळख करून द्यायचा, "आमची बहीण शेंगांना नावं ठेवते. त्याचा तिला पगार मिळतो."

एका रविवारी मी बोटांतल्या सालाकडे बघत बसले. हे साल दाण्याचा भाग आहे. शेंगेचं बाहेरचं टरफल वेगळं. पण एका प्रयोगशाळेने दोन्हीला सरसकट 'साल' लिहून पाठवलं होतं, आणि कुठलं कुठलं हे विचारणारं माझं पत्र तिकडे अजून कुणी उघडलं नव्हतं. अण्णा म्हणाला, "काय बघतीस गं? सुम्मने, गप चिमट. तुमच्या मीटिंगीत ठरेपर्यंत सारू थांबतं होय?" त्याचं खरं होतं. चुलीवरचं सारू, म्हणजे आमची आमटी, थांबत नाही. हल्ली भाजीच्या अ‍ॅपवर बघते तर हेच दाणे एका ठिकाणी "ताजे बीन्स", दुसऱ्या ठिकाणी "वाल, सोललेले" आणि तिसऱ्या ठिकाणी चक्क "मटार प्रकार" म्हणून दिसतात. आणि लोक बिनदिक्कत मागवून खातातही. जग या गोंधळात सुखाने चाललेलं आहे, आणि आपल्यालाच तेवढी खाज, असं वाटून माझी आणखीच चिडचिड होते.

मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण शैलजा होती.

शैलजा निपाणीकडची. मराठी आणि कन्नड एका दमात बोलणारी, प्रकल्पापुरती कंत्राटावर घेतलेली. माझ्याच खोलीत खिडकीजवळचं टेबल तिचं. खुर्चीच्या पाठीला कायम एक तपकिरी स्वेटर, खणात चिवडा. आदल्या हिवाळ्यात ती मोसमभर पहाटे उठून मागडीच्या बाजूच्या एका शेतावर जायची. दव वाळायच्या आत शेंगा तोडायच्या, तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये टाकायच्या आणि आणून संस्थेच्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या. गावरान अवरेला दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही, त्यामुळे अशी संधी वर्षातून एकदाच. शेंगेत सोगडु कुठल्या जनुकांमुळे येतो, हा तिचा प्रश्न. तिने नमुन्यांवर लिहिलं होतं "सोगडु धरलेली शेंग" आणि "सोगडु न धरलेली शेंग". बसवनगुडीत कुणालाही विचारा, याहून स्वच्छ लेबल सापडायचं नाही.

समितीला ते चालेना. शेंगेची अवस्था ठरवायची ती फूल उमलल्यापासून किती दिवस झाले त्यावरून, असा कुलकर्णी सरांचा आग्रह. त्यांच्याकडे तो शोभायचाही. त्यांच्या काचघरात नव्या जातीची बुटकी झाडं, आणि प्रत्येक फुलाला तारखेचा दोरा बांधलेला. शेतातल्या अवरेच्या एकाच दांड्यावर वर कळ्या असतात, मध्ये फुलं, आणि खाली भरलेल्या शेंगा. तिथे कुणी कुणाला दोरा बांधायचा? शैलजाकडे दिवसांची नोंद नव्हती. आणि दिवस नाहीत तर नियमाप्रमाणे तिचे नमुने "शेंग, अवस्था अज्ञात" या कप्प्यात जाणार होते. त्या कप्प्यात कुणी कधी शोधायला जात नाही. तिकडे गेलेली माहिती असून नसल्यासारखी.

मार्चमध्ये तिचं कंत्राट संपत होतं. सामाईक संचात तिचे नमुने धड नावानिशी आले तर मुदतवाढ मागायला आधार होता. अज्ञातात गेले तर ती मोसमभर पहाटे उठून काय करत होती, याला कागदावर उत्तर नव्हतं. तिने मला एकदाच विचारलं, "अक्का, माझं होईल न्हवं?" मी म्हटलं, "होईल की." अशा वेळी दुसरं काय म्हणतात?

खरं तर या कामातली एकच गोष्ट मला तेव्हाही आवडायची. एका संज्ञेला दिलेला क्रमांक पुन्हा दुसरीला कधी देत नाहीत. उद्या ती संज्ञा चुकीची ठरली, निकामी ठरली, तरी ती पुसत नाहीत. 'आता वापरात नाही' असा शेरा मारतात आणि तिला तिच्या क्रमांकासकट आहे तिथे राहू देतात. कारण कुठेतरी कुणीतरी तो क्रमांक लिहून ठेवलेला असेल, तो शोधत आला तर त्याला रिकाम्या हाती जावं लागू नये. मी हे शैलजाला समजावलं तेव्हा ती चिवडा खात होती. म्हणाली, "लई इमानी आहेत की ओ तुमचे शब्द."

मग एका गुरुवारी मी तिची संज्ञा समितीपुढे ठेवली. कुलकर्णी सर म्हणाले, "मॅडम, वासाची व्याख्या कशी करणार? माझ्या लॅबमधला एखादा मुलगा उद्या शेंग हातात घेईल. त्याने कसं ठरवायचं?"

"नाकानं, सर," शैलजा माझ्या शेजारून म्हणाली.

"कुणाच्या?" सर म्हणाले. टिंगल म्हणून नव्हे, खरंच विचारत होते. त्यात एकाने 'सुगंधी शेंग' असं सुचवलं, तर हैदराबादच्या बाई म्हणाल्या, तो वास आम्हाला मुळीच सुगंध वाटत नाही. मी डोळे मिटून घेतले. शैलजा उठून पाणी प्यायला गेली आणि बैठक संपेपर्यंत आली नाही. शेवटी सर म्हणाले, "जानेवारीत माझं बेंगळुरूला काम आहे. मी स्वतः येऊन वास घेतो. मग बोलू."

त्या दिवसाची आम्ही लग्नघरासारखी तयारी केली. शैलजा पहाटेच त्याच शेतावर जाऊन कापडी पिशवी भरून शेंगा घेऊन आली. दोन्ही प्रकारच्या, वेगवेगळ्या ताटांत मांडलेल्या. खोलीत असा वास कोंदला की शेजारच्या विभागातले लोक डोकावून विचारायला लागले, आज स्वयंपाक कुणाकडे आहे. आणि कुलकर्णी सर आले ते मफलर गुंडाळून, नाक लालबुंद झालेलं. खुर्चीत बसून त्यांनी शेंग उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. सर म्हणाले, "सॉरी. मला काहीच कळत नाहीये. कालपासून नाक पूर्ण बंद आहे."

भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पुण्याहून माणूस वास घ्यायला येतो आणि नाक बंद करून येतो! मोसम हातातून चालला होता, मार्च समोर दिसत होता, आणि या गृहस्थांना आमच्याच गावची सर्दी व्हावी? मी काही बोलायच्या आत शैलजाने हातातल्या शेंगेसकट त्यांची मूठ वरून दाबून बंद केली. वडीलधाऱ्या माणसाशी असं कुणी वागत नाही. पण ती रागाने लाल झाली होती.

"मग हातानं बघा, सर."

सरांनी शेंग चोळली. बोटं एकमेकांना चिकटली. चष्मा सावरायला गेले तर काचेवर तेलकट डाग. रुमालाने पुसला तर तो पसरला. बेसिनवर जाऊन नुसत्या पाण्याने धुतला तरी निघेना. मग ते परत आले, दुसऱ्या ताटातली शेंग घेऊन तशीच चोळली. हात कोरडा. पुन्हा पहिली. पुन्हा चिकट. मग म्हणाले, "हे लिहा, मॅडम. हेच लिहा. ज्याचं नाक बंद आहे त्यालाही कळलं पाहिजे."

पहिल्या गुरुवारपासून ते हेच तर सांगत होते. समोरच्याला आपलं नाक, आपलं गाव, आपली थंडी यातलं काही नसणार, असं धरून व्याख्या करायची. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून मला स्वतःचाच राग आला. तिथेच उभ्याने आम्ही तिघांनी मिळून लिहिलं, "पूर्ण वाढलेली हिरवी शेंग, जिच्या टरफलाच्या बाहेरील पृष्ठभागावर चिकट, तेलकट स्राव असून तो स्पर्शाने कोरड्या पृष्ठभागावर उतरतो." शैलजा त्या दिवशी इतकी खुश होती की उरलेल्या शेंगा तिने चष्म्यासाठी साबण आणून देणाऱ्या शिपायापासून सगळ्यांना वाटून टाकल्या.

आणि मग? मग काय, समिती. सगळ्या प्रयोगशाळांची संमती हवी. हरकती मागवायला मुदत हवी. फेब्रुवारी 'स्राव' म्हणावं की 'लेप' यात गेला. सर बिचारे रोज मेल पाठवून सगळ्यांच्या मागे लागत होते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मार्च आला तेव्हा संज्ञा 'विचाराधीन' होती आणि शैलजाचा मुदतवाढीचा अर्जही 'विचाराधीन' होता. संज्ञेचा विचार पूर्ण झाला पावसाळ्यात, ती मंजूर झाली आणि शैलजाचे नमुने तिच्याखाली लागले. अर्जाचा मार्चच्या शेवटच्या दिवशी झाला, आणि नकार आला. जाताना ती चिवड्याचा डबा मला ठेवून गेली. स्वेटर गडबडीत खुर्चीवरच राहिला.

आता ती बेळ्ळंदूरला एका कपडे विकणाऱ्या कंपनीत आहे. हजारो फोटो येतात, त्यातला कुर्ता कुठला आणि कुर्ती कुठली हे ठरवून त्यांच्यावर शब्द डकवायचे. "हितं एका मीटिंगीत ठरतं, अक्का," असं तिने एकदा मोठ्या समाधानाने सांगितलं होतं. मला तेव्हा बरंही वाटलं आणि वाईटही.

परवा दूरच्या एका विद्यापीठातून मेल आला. त्यांनी आमच्या सामाईक संचात तेलकट स्रावाच्या त्या संज्ञेने शोध घेतला होता. साऱ्या संचात त्या नावाखाली नमुने एकाच व्यक्तीचे, शैलजाचे. त्यांना पुढचं काम करायचं होतं, त्याच शेतातल्या ताज्या शेंगा मिळतील का, असं विचारलं होतं. सोगडु म्हणजे काय ते त्या मंडळींना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी कधी हातगाडीपुढे उभं राहून शेंग नाकाशी नेली नसणार. तरी त्यांना ती सापडली.

संध्याकाळी घरी आम्ही पातेल्याभोवती बसलो होतो. मी हात पुसून शैलजाला फोन लावला. ती कॅबमध्ये होती, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकात. पलीकडे हॉर्नांचा नुसता कल्लोळ.

"अक्का! अवरे चालू झाली का घरात?"

मी मेलचं सांगितलं.

"सापडले होय त्यांना?"

"पहिल्या झटक्यात."

"पण ते शेत न्हाई आता, अक्का. लेआउट पडलंय तिथं, घरांचे प्लॉट पाडलेत. मी जाऊन बघून आले. ही मोठी कमान, आत खडीचे रस्ते नि खांब. अवरेचं एक झाड न्हाई."

म्हणजे त्या मातीतली, त्या दवातली सोगडु धरलेली शेंग आता जगात फक्त आमच्या फ्रीझरमध्ये आणि त्या एका क्रमांकाखाली उरली आहे. अज्ञाताच्या कप्प्यात गेली असती तर तीही कुणाला दिसली नसती. मी तिला हे सांगितलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण अण्णाने चिमटणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

"शेवटी लिहिलंय काय त्यात? मी कधी बघितलंच न्हाई," ती म्हणाली. मी व्याख्या पाठ म्हणून दाखवली. ती हसली. "आणि वास कुठं आहे?"

"वास नाही बसला."

"सरी सरी. आणि तो नंबर? तो दुसऱ्या कशाला देणार न्हाईत न्हवं?"

"कधीच नाही. उद्या ही संज्ञा बाद केली तरी नाही."

हॉर्न वाजत राहिले. गाडी थोडी पुढे सरकली असावी.

"शब्दांचं बरं आहे की ओ, अक्का," शैलजा म्हणाली. "मी स्वेटर न्यायला चार दिवसांनी परत आले होते. तुम्ही रजेवर होता. माझ्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसलं होतं."